शाळेनं दुष्काळी गावाला विहीर आणि झाडं द्यायची तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर शहरातल्या एका माध्यमिक शाळेनं मुलं, पालक आणि माजी विद्यार्थ्यांकडून निधी जमवायचं ठरवलंय. त्यातून सांगोला तालुक्यातल्या एका गावाला सार्वजनिक विहीर किंवा बोअर द्यायची आणि एक हजार झाडं लावायची. विहीर बरी की बोअर, झाडं कोणती आणि कधी लावायची, पैसे कसे वाटायचे?

विहीर की बोअर हे नंतर बघू. आधी एक हिशोब मुलांकडून फळ्यावर करून घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गावाचं शिवार १,००० हेक्टर धरा आणि पाऊस ५०० मिलिमीटर (सोलापूर जिल्ह्याची सरासरी याहून थोडी जास्त आहे, सांगोला-मंगळवेढ्याकडे कमीच पडतो). म्हणजे वर्षाला शिवारात ५०० कोटी लिटर पाणी पडतं. गावात १,५०० माणसं असतील आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर वर्षाची गरज ३ कोटी लिटर. पाऊस निम्मा झाला तरी पडलेल्या पाण्याच्या सव्वा टक्क्यात गावाचं पिणं आणि घरवापर भागतो. आता तिसरा आकडा मांडा. पाटानं भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला साधारण २ कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे दीड हेक्टर ऊस आणि सगळ्या गावाचं वर्षभराचं पाणी, बरोबरी.

हा हिशोब झाला की प्रकल्पाचा चेहराच बदलतो. गावात विहिरी कमी आहेत म्हणून टँकर येतो, असं फार थोड्या ठिकाणी असतं. बहुतेक ठिकाणी पिण्याच्या विहिरीशेजारीच शेतीचे पाच-सात खोल बोअर असतात आणि फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसतो. अशा जागी शाळेनं आणखी एक विहीर पाडली तर तीही त्याच पाण्याची वाटेकरी होते. म्हणून गाव निवडताना गावकऱ्यांना तीन गोष्टी विचारा. पिण्याच्या स्त्रोताभोवती नवीन बोअर घेणार नाही असा ग्रामसभेचा ठराव करणार का? दुरुस्तीसाठी घरटी वर्षाला थोडे पैसे भरणार का? आणि झाडं लावलेल्या जागेत तीन वर्षं शेळ्या सोडणार नाही हे पाळणार का? तिन्हींना होकार मिळत नसेल तर दुसरं गाव बघा. पाण्याच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजार गावाचं नाव सगळे घेतात, पण तिथं बंधाऱ्यांइतकंच काम शेतीच्या बोअरबंदीनं आणि दरवर्षीच्या पाण्याच्या ताळेबंदानं केलंय, हे मात्र सांगायचं राहून जातं.

नवं खोदण्याआधी गावात जुनं काय आहे ते फिरून बघा. नळयोजना आली की जुना आड, देवळाजवळची विहीर वाऱ्यावर सुटते. त्यात गाळ, निर्माल्य, प्लास्टिक भरतं आणि ती नुसती कचराकुंडी उरते. अशा विहिरीचा गाळ काढणं, ढासळलेलं बांधकाम सावरणं, कठडा आणि वरची जाळी हे सगळं नव्या विहिरीच्या किमतीच्या लहानशा भागात होतं. शिवाय ती ज्या जागी आहे तिथं पाणी आहे हे आधीच्या पिढ्यांनी सिद्ध करून ठेवलेलं असतं. दुसरं, ओढ्यावरचे कोल्हापुरी बंधारे. भिंत शाबूत असते, बरगे (पाणी अडवायला भिंतीच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या) गेलेले असतात. कुणी नेलेले, कुणी गंजू दिलेले. नवे बरगे आणि रबरी पट्ट्या घेऊन परतीच्या पावसाचा शेवटचा प्रवाह अडेल अशा बेतानं ते बसवले, तर खालच्या अंगाच्या विहिरींना जानेवारीपर्यंत फरक दिसतो. पावसाआधी काढून ठेवायला मात्र नेमका माणूस हवा, नाहीतर पुरात बंधाऱ्याची बाजू कापली जाते. बंधारा ज्या खात्याचा असेल त्याची लेखी परवानगी घ्या.

ओढा खोलीकरणाचा आग्रह गावाकडून हमखास होतो, कारण पोकलेन चाललेलं सगळ्यांना दिसतं. गाळ काढा, पण मुरूम दिसला की थांबा. त्याखालचा भेगाळ खडक फोडला की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या चरात उतरतं, उन्हानं उडून जातं, आणि वरच्या विहिरी पूर्वीपेक्षा लवकर आटतात. ओढा भरलेला दिसतो म्हणून ही चूक एक-दोन वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता विहीर की बोअर. आपल्याकडचा सगळा दगड बेसाल्ट, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. वर माती, मग मुरूम, मग झिजलेला भेगाळ खडक आणि खाली काळा पाषाण. मध्येच गेरूसारखा तांबडा थर. दरवर्षी पावसानं भरणारं पाणी मुख्यतः मुरूम आणि भेगाळ खडकात असतं, म्हणजे वरच्या २० ते ३० मीटरमध्ये. त्याखाली पाणी लागतं ते एखाद्या सांध्यात, चिंचोळ्या जागेत. ते उपसलं की लवकर परत भरत नाही. ५०० फुटांवर 'दोन इंची पाणी लागलं' म्हणून पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बोअर कोरडी पडते, याचं कारण हेच. बोअर मारतानाचं पाणी कॉम्प्रेसरच्या दाबानं उसळतं, साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं. तो आकडा वर्षभर टिकणारा नसतो.

उघडी विहीर याच भेगाळ थरात बसते आणि चारही बाजूंचे झरे गोळा करते. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. रात्रभर झऱ्यांनी भरायचं आणि सकाळी उपसायचं, हा साठ्याचा फायदा साडेसहा इंची बोअरला नाही. त्यात एक मीटरला जेमतेम २० लिटर मावतात. उलट विहिरीला जागा जास्त लागते, खर्च कितीतरी जास्त, पाणी उघडं राहतं, आणि पडण्याचा धोका. माझं मत असं: ओढ्याकाठी किंवा पाझर तलावाच्या खालच्या अंगाला सार्वजनिक जागा मिळत असेल तर विहीर. वस्ती उंचवट्यावर असेल, माणसं दोन-अडीचशेच असतील, तर हातपंपाची बोअर. आणि कुठंही २०० फुटांच्या खाली जायचं नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमातही ६० मीटरपेक्षा खोल विहीर शेती आणि उद्योगासाठी घ्यायला मनाई आहे. पिण्याच्या सार्वजनिक स्त्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर घेता येत नाही, हे तर १९९३ च्या कायद्यापासून चालत आलंय. ग्रामसभेचा ठराव याच तरतुदीवर बेतून लिहा, म्हणजे तो नुसत्या सदिच्छेचा कागद राहत नाही.

जागा कोण ठरवणार? गावात पाणाड्या असतोच. नारळ तळहातावर उभा राहील, काडी फिरेल. त्याचा अपमान करू नका, पण शाळेचा पैसा त्यावर लावू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे ग्रामपंचायतीच्या पत्रानं पाहणी मागा. भूवैज्ञानिक येईल तेव्हा त्याच्या हातात एक तयार कागद द्या: गावातल्या वीस-पंचवीस विहिरी-बोअरची खोली, पाणी कोणत्या थरात लागलं, आणि मे महिन्यातली पाण्याची पातळी. हे काम मुलं उत्तम करतात. टेपला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, तेही मोटर बंद होऊन किमान सहा तास झाल्यावर, आणि सोबत मोठं माणूस असतानाच. एक खाचखळगा इथं आहे. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं किंवा उजनी कालव्याचं आवर्तन (ठरावीक पाळीनं सोडलेलं पाणी) सुटलेलं असलं की जवळच्या विहिरी एप्रिलमध्येही भरलेल्या दिसतात. आवर्तन बंद होऊन महिना झाल्यावर मोजा.

विहिरीची खोदाई फेब्रुवारी ते मे. पाणी सगळ्यात खाली असताना जिथं झरा लागतो त्याच्याखाली अडीच-तीन मीटर जाऊन थांबायचं. पावसाळ्यात खोदलेली विहीर नेहमी उथळ राहते. साधारण १२ ते १५ मीटर खोली पुरते. माती आणि मुरमाचा भाग दगडी किंवा आरसीसी बांधकामानं धरावा लागतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला आत ढकलते. म्हणून बांधकामामागे एक फूटभर खडी भरायची आणि भिंतीत पाझरासाठी छिद्रं सोडायची. ठेकेदार हेच वाचवतो, आणि तिसऱ्या पावसाळ्यात विहिरीची एक बाजू आत येते. कठडा जमिनीपासून एक मीटर उंच, बाहेर उतार असलेला दोन मीटरचा ओटा, वर लोखंडी जाळी, तिला कुलूपबंद झाकण. निघालेला डबर ओढ्याच्या वाटेत टाकू देऊ नका. सुरुंगाचं काम परवानाधारकाकडूनच, आणि त्या दिवसांत मुलांची सहल गावात नको. श्रमदानाच्या नावाखाली एकही विद्यार्थी विहिरीत उतरता कामा नये.

जुन्या विहिरीचा गाळ काढताना तर मोठ्या माणसांनाही धोका असतो. तळाशी हवा कोंदलेली असते. आत सोडलेला कंदील विझला तर उतरायचं नाही हे गावात माहीत असतं. पण कंदील पेटता राहिला म्हणजे हवा चांगली आहे असंही नाही, काही विषारी वायूंनी तो विझत नाही. आधी पाणी उपसा, ब्लोअरनं काही तास हवा खेळवा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं. आतला माणूस पडला तर त्याच्यामागे दुसऱ्यानं उडी घ्यायची नाही. बहुतेक दुहेरी मृत्यू असेच झालेले असतात.

बोअरचं ठरलं तर केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) पक्क्या खडकात किमान दीड-दोन फूट बसली पाहिजे आणि तिच्या बाहेरची फट वरच्या तीन मीटरमध्ये सिमेंटनं बंद झाली पाहिजे. नाहीतर जनावरांच्या गोठ्याचं पाणी थेट खाली. संडासच्या शोषखड्ड्यापासून १५ मीटर हा नेहमीचा नियम, पण भेगाळ खडकात ३० मीटर धरा. पाणी लागलं नाही तर तो खड्डा उघडा सोडायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये याबद्दल स्पष्ट सूचना दिल्यात: खोदाईआधी १५ दिवस लेखी कळवायचं, कामाच्या जागी फलक आणि कुंपण, केसिंगभोवती अर्धा मीटर लांबी-रुंदीचा, जमिनीवर ३० आणि खाली ३० सेंटिमीटर असा काँक्रीटचा ओटा, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत माती-वाळू-दगडांनी भरायची. कोरडी निघाली तर भरायचं कोणी, हे ठेकेदाराच्या करारात आधी लिहा.

हापसा बसवताना बहुतेक जण इंडिया मार्क-२ घेतात. हा जगभर गेलेला पंप १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं तयार झाला आणि त्याची कल्पना 'सोलापूर पंप' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हापशावरून घेतलेली होती. सोलापूरच्या मुलांना हे ठाऊक असायला हरकत नाही. मार्क-२ मिनिटाला साधारण १२ लिटर पाणी देतो. दिवसाचे आठ तास चालला तर ५,७०० लिटर, म्हणजे अडीचशे माणसांना माणशी बावीस-तेवीस लिटर. त्याहून मोठ्या वस्तीला एक हापसा म्हणजे रांग आणि भांडण. तिथं सौर दुहेरी पंपाची योजना बघा. एकाच बोअरमध्ये हापसा आणि सौर मोटर, वर टाकी. ढगाळ दिवशी हापसा चालतो.

मार्क-२ बिघडतो तो ठरलेल्या जागी. वरचे नट-बोल्ट सैल होतात, साखळीला ग्रीस नसतं, आणि सिलिंडरमधले वॉशर झिजतात. मुलांना दोन चाचण्या शिकवा. अर्धा तास हापसा बंद ठेवायचा आणि मग दांडा मारायचा. पाच दांड्यांच्या आत पाणी आलं नाही तर खालचा वॉल्व्ह किंवा पाइपचा सांधा गळतोय. दुसरी, एका मिनिटात ४० पूर्ण दांडे आणि पाणी बादलीत मोजायचं. १० लिटरच्या खाली आलं की वॉशर बदलायला झाले. वॉशर ही किरकोळ वस्तू आहे, पण ते बदलायला सगळी पाइपलाइन वर काढावी लागते. ३० मीटर खोलीवर ३२ मिलिमीटरचे दहा पाइप आणि आतले रॉड मिळून सव्वाशे किलोच्या आसपास वजन होतं. त्याला घोडी, पान्हे आणि चार माणसं लागतात. म्हणून पाच रुपयांच्या कामापायी हापसा वर्षभर बंद राहतो. शक्य असेल तिथं मार्क-३ घ्या. त्याचा बाहेरचा पाइप रुंद असतो, त्यामुळे नुसते रॉड ओढून पिस्टन वर काढता येतो. काहीही घेतलं तरी वॉशरचे दोन जोड, एक साखळी आणि बेअरिंगचा संच पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या कपाटात, नोंदवहीत सही घेऊन ठेवा.

पाणी लागलं म्हणजे ते पिण्यासारखं आहे असं नाही. खोल काळ्या रानात ते मचूळ निघू शकतं. प्रयोगशाळेकडून निदान एवढं मागा: विरघळलेले क्षार (लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्त्रोत नसेल तर २,०००), नायट्रेट ४५ पर्यंत, फ्लोराइड १ पर्यंत आणि फार तर १.५, शिवाय जिवाणू. खत आणि शेणाच्या उकिरड्याजवळ नायट्रेट वाढतं, आणि ते उकळून जात नाही, उलट दाट होतं. बसवल्यावर बोअर निर्जंतुक करायची. ५० मीटर पाण्याच्या स्तंभात सुमारे १,००० लिटर पाणी असतं. त्याला ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दीडशे ग्रॅम, आधी बादलीत कालवून, निवळ आत ओतायची, रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसायचं. विहिरीच्या रोजच्या शुद्धीकरणाला १,००० लिटरला ५ ग्रॅम. पावडर जुनी, उघड्या पोत्यातली असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेलं नसतं. पाण्यातलं क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला नाही तर डोस नाही, पावडर बदला.

जागेच्या कागदांवर अनेक चांगले प्रकल्प फसतात. कुणी मोठ्या मनानं 'माझ्या रानात घ्या' म्हणतो. विहीर होते, मग दोन वर्षांनी बांधावर काटे पडतात. खाजगी जमीन असेल तर आधी ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि सातबाऱ्यावर विहिरीची व वाटेची नोंद. त्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि महसूल खात्याची परवानगी. जागा निवडताना आणखी एक: दलित वस्ती आणि गावाबाहेरची पालं तिथं बिनदिक्कत येऊ शकतील का, हे त्या वस्तीतल्या बायकांनाच विचारा, सरपंचांना नाही.

पुनर्भरणाकडे देणगीदारांचं लक्ष जात नाही, पण माझ्या लेखी ते विहिरीआधी येतं. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत ३०० चौरस मीटर असेल तर ५०० मिलिमीटर पावसात, वीस टक्के वाया धरून, १ लाख २० हजार लिटर पाणी मिळतं. छताच्या पाइपला पहिल्या पावसाचं धूळ-विष्ठेचं ३०० ते ६०० लिटर पाणी बाजूला सोडणारा वॉल्व्ह हवा. मग गाळणखड्डा: तळाला मोठी दगडं, त्यावर ४० मिलिमीटर खडी, वर बारीक खडी, सगळ्यात वर जाड वाळू, प्रत्येक थर एक-एक फूट आणि मध्ये नायलॉनची जाळी. वाळूचा वरचा थर दरवर्षी मे महिन्यात काढून धुवायचा. तो न धुतल्यानं दुसऱ्या वर्षी खड्डा तुंबतो आणि मग 'हे काही चालत नाही' असं सगळे म्हणतात. पिण्याच्या बोअरमध्ये रस्त्याचं किंवा शेताचं वाहतं पाणी कधीही सोडू नका, गाळण केलं तरी. त्यात जायचं ते फक्त छताचं पाणी. शिवारातल्या पाण्यासाठी माथ्याकडून सुरुवात करायची: उतारावर ए-फ्रेमनं (इंग्रजी A च्या आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) समपातळी काढून ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल सलग समतल चर. एक मीटर चर एकदा भरला की १८० लिटर. हे काम मोठी मुलं मोठ्यांच्या देखरेखीखाली करू शकतात, आणि त्यांना भूमितीही कळते.

झाडं. हजारचा आकडा आधी सोडा. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्याला २० लिटर पाणी लागतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण १८ आठवडे. हजार झाडांना ३ लाख ६० हजार लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे ७२ टँकर. माणसांना टँकर येणाऱ्या गावात ते कोण देणार आहे? २०० झाडांना ७२,००० लिटर लागतं. तेही थोडं नाही, पण एक टाकी, हापशाखालचं वाया जाणारं पाणी आणि गावातली न्हाणीघरं मिळून जमतं. दोनशे लावा.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याला आपण पडीक म्हणतो ते गवताळ माळरान झाडांसाठी मोकळं पडलेलं नसतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा हा जिल्हा. माळावर काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल राहतात ते तिथं झाडं नसतात म्हणूनच. शिवाय धनगरांची मेंढरं त्याच गवतावर जगतात. मुरमाड माळावर फूटभर माती असते, झाड तिथं तसंही खुरटतं. माळावर काही करायचंच असेल तर पवन्या, मारवेलसारखं गवत वाढू द्या. झाडं लावा शाळेत, घरांच्या अंगणात, स्मशानभूमीत, देवळाच्या आवारात, रस्त्याकडेला आणि ओढ्याच्या काठानं. शेताच्या बांधावर लावताना दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची संमती घ्या. सावलीनं ज्वारी मार खाते म्हणून शेजारी रात्रीत मुळाशी मीठ टाकतो, हे नवीन नाही.

जाती: कडुलिंब, करंज, चिंच, हिवर, बाभूळ, बोर, आपटा, भोकर, सीताफळ, शेवगा, ओढ्याकाठी उंबर, वड, जांभूळ. अंगणात लोकांना फळ मिळेल ते द्या, त्याला पाणी आपोआप मिळतं. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प, गुलमोहर नकोत. वेडी बाभूळ तर चुकूनही नको.

वेळ इथल्या पावसावर ठरते. ५ जूनला पर्यावरण दिनाचा कार्यक्रम असतो, पण जमीन तेव्हा तापलेली असते. सोलापुरात जूनच्या सरींनंतर जुलैत बऱ्याचदा उघडीप पडते आणि सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये होतो. एकूण ६० ते ७५ मिलिमीटर पाऊस होऊन जमीन फूटभर ओली झाली की लावा, आणि जुलैच्या उघडिपीत दोन-तीन पाण्यांची तयारी ठेवा. पाणी देण्याची सोय अगदीच नसेल तर ऑगस्टच्या शेवटी लावलेलं बरं. वाढ कमी होते, पण परतीच्या पावसावर मूळ धरतं.

खड्डे एप्रिल-मेमध्ये: मुरमात ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, चांगल्या मातीत ४५ पुरे. उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, ५ ते १० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड. कच्चं शेण टाकलं की वाळवी येते आणि रोप ऑक्टोबरमध्ये उभ्या उभ्या वाळतं. रोप दीड-दोन वर्षांचं, तीन-चार फुटांचं घ्या. लहान पिशवीत वाढलेलं उंच रोप दिसायला छान असतं, पण त्याची मुळं आत गोल गुंडाळलेली असतात. ती कापून सरळ केली नाहीत तर झाड चौथ्या-पाचव्या वर्षी वाऱ्यानं पडतं. प्लास्टिकची पिशवी काढायची, हे सांगायला लागू नये, पण सांगावं लागतं. शेजारी दोन इंची पाइपचा दोन फुटी तुकडा, खालच्या अर्ध्या भागाला छिद्रं पाडून, उभा पुरा आणि पाणी त्यातून द्या. वर दिलेलं बरंच पाणी उन्हानं उडतं. उसाचं पाचट किंवा तुरीचं भुसकट चार इंच जाड अंथरा, खोडापासून वीतभर लांब. पाणी काळ्या मातीत दहा दिवसांनी चालतं, मुरमात आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर. लोखंडी जाळीपेक्षा बाभळीच्या काट्यांचं कुंपण स्वस्त आणि शेळीला जास्त समजतं.

हिवर, बाभूळ, बोर यांचं बी सरळ जागेवरच टोकलेलं उत्तम, सोटमूळ न तुटता खाली जातं. शेळ्यांच्या वाड्यातलं, त्यांच्या पोटातून गेलेलं बाभळीचं बी लवकर उगवतं. निंबोळी मात्र दोन-तीन आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते, गोळा केली की लगेच पेरा. माळावर बियांचे मातीगोळे फेकण्याचा कार्यक्रम फोटोसाठी ठीक आहे, त्यातून झाड मिळणं विरळा.

पैशांचं वाटप, शंभरातले: पाहणी आणि पाणी तपासणी ५, विहीर किंवा बोअर किंवा दुरुस्ती ४५, पुनर्भरण १५, लावणी १०, तीन वर्षांची जोपासना १५, दुरुस्ती निधी १०. जोपासनेचे पैसे म्हणजे गावातल्या एका माणसाला किंवा बचत गटाला महिन्याचं मानधन, आणि ते जिवंत झाडांच्या मोजणीवर द्यायचं. झाडाला पाणी दुसऱ्या वर्षी पंधरवड्याला ३० लिटर, तिसऱ्या वर्षी फक्त एप्रिल-मे. दुरुस्ती निधी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीच्या स्वतंत्र खात्यात, सहीला मुख्याध्यापक आणि गावातली एक महिला सदस्य. निधी जमवताना संस्थेच्या नोंदणीकृत खात्यातच घ्या, प्रत्येकाला पावती द्या. मुलांच्या हातात डबे देऊन चौकात उभं करू नका.

मुलांचं खरं काम मोजण्याचं आहे. पर्जन्यमापक, दर महिन्याच्या एकाच तारखेला विहिरीची पातळी, हापशाच्या दोन चाचण्या, आणि दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात जिवंत झाडांची गणती. हा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या आणि दर महिन्याला भरा. लोकार्पण करायचंच असेल तर ते दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात ठेवा. पाहुण्यांना तेव्हा विहिरीत पाणी किती उरलंय आणि दोनशेतली झाडं किती राहिलीत, हे दोन्ही बघता येईल.